वाचकांचे प्रश्न : ट्रॅक्टरच्या मागे कोणते ब्लेड लावावे?

गेल्या काही महिन्यांत माती सरकवणे आणि जमीन सपाट करणे या विषयावर बरेच प्रश्न आले. त्यातले सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे. घरामागची उंचसखल जागा सपाट करायची आहे, कच्चा रस्ता दरवर्षी नीट करायचा आहे आणि एक चरही काढायचा आहे. साधे मागचे ब्लेड घ्यावे, बॉक्स ब्लेड घ्यावे की दोन्ही?

दोन्हींचे काम वेगळे आहे, हे आधी नीट समजून घ्या. साधे ब्लेड माती बाजूला सारते. ते तिरके लावले की माती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहते आणि कडेला तिची रांग पडते. चर काढणे, रस्त्याच्या कडेची माती मध्ये आणणे, ढीग पसरणे या कामांत त्याला तोड नाही. मात्र ते माती धरून ठेवत नाही. उंचवट्यावरची माती वीस मीटरवरच्या खड्ड्यात न्यायची म्हटली, तर अर्धी माती वाटेतच दोन्ही टोकांनी निसटते.

बॉक्स ब्लेड म्हणजे दोन्ही बाजू बंद असलेली मोठी केणीच. माती आत अडकते, ओढली जाते आणि हवी तिथे सोडता येते. पुढे एक आणि मागे एक अशा दोन धारा असतात. समोरच्या बाजूला वर-खाली करता येणारे चार ते सहा दात असतात, ते घट्ट जमीन उकरतात. सपाटीकरणाला हेच योग्य. पण ते तिरके लावता येत नाही, त्यामुळे माती सलग बाजूला सारण्याच्या कामी ते येत नाही आणि चर काढणेही त्याने अवघड जाते.

तुमच्या तीन कामांपैकी सर्वांत जास्त माती सपाटीकरणात हलणार आहे आणि रस्त्याचे काम मात्र दरवर्षीचे आहे. एकच घ्यायचे असेल तर आमचे मत बॉक्स ब्लेडला. रस्त्याची खड्डे-कापणी त्याने उत्तम होते. चराचे काम एकदाच असेल तर त्यासाठी साधे ब्लेड भाड्याने आणता येईल. याउलट जागा जवळपास सपाट असून रस्ता लांब असेल, तर आधी साधे ब्लेड घ्या. लोडरच्या बकेटने सपाटीकरण करण्याचा मोह मात्र टाळा. बकेट पुढच्या चाकांच्याही पुढे असते, त्यामुळे चाक जरा वर चढले की धार उचलली जाते आणि जमिनीवर पायऱ्या पडतात.

प्रश्न : ब्लेडची रुंदी कशी ठरवायची? विक्रेता सहा फुटी पुरेल म्हणतो, शेजारी आठ फुटी घ्यायला सांगतो.

दोघांचेही बाजूला ठेवा आणि आधी ट्रॅक्टर मोजा. मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर टेपने घ्या. ब्लेडने टायरांचे ठसे पूर्ण झाकले पाहिजेत, नाहीतर सपाट केलेल्या पट्ट्याच्या कडेला चाकाची चाकोरी उरते आणि पुढच्या फेरीत चाक त्याच चाकोरीत जाते.

बॉक्स ब्लेड सरळच चालते, म्हणून त्याला टायरांच्या रुंदीपेक्षा 10 ते 15 सेमी जास्त रुंदी पुरते. साधे ब्लेड तिरके लावल्यावर त्याची रुंदी घटते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. 30 अंश तिरके केल्यावर रुंदी 87 टक्के उरते आणि 45 अंशांवर 71 टक्के. समजा टायरांची बाहेरची रुंदी 1.7 मीटर आहे. 1.8 मीटरचे म्हणजे सहा फुटी ब्लेड सरळ असताना पुरेल, पण 30 अंशांवर ते 1.57 मीटरच झाकेल. 2.1 मीटरचे म्हणजे सात फुटी ब्लेड त्याच कोनात 1.83 मीटर झाकते. म्हणून या मापाच्या ट्रॅक्टरला सात फुटी योग्य. ब्लेड एका बाजूला सरकवायची म्हणजे ऑफसेटची सोय असेल तर थोडे कमी रुंद ब्लेडही चालून जाते.

आठ फुटीचा हट्ट नको. रुंद ब्लेडसमोर जास्त माती साचते, चाके घसरू लागतात आणि माणूस ब्लेड वर उचलत राहतो. मग एकसारखी कापणी होतच नाही. मातीचा भार ट्रॅक्टरचे वजन आणि टायरांची पकड ओढते, एचपीचा आकडा त्यानंतर येतो.

प्रश्न : नवे ब्लेड घट्ट जमिनीवरून नुसते घसरत जाते, कापतच नाही. हायड्रॉलिकचा दाब वाढवून घ्यावा का?

नाही. बहुतेक ट्रॅक्टरांचे मागचे हायड्रॉलिक फक्त उचलते. ते अवजाराला खाली दाबत नाही, अवजार स्वतःच्या वजनाने उतरते. पंपाचा दाब कितीही वाढवला तरी ब्लेड जमिनीत जाणार नाही, उलट सील फुटण्याची भीती. कापण्यासाठी लागते ते वजन, धारेचा कोन आणि आधी सैल केलेली जमीन.

वजनाचा अंदाज असा घ्या : ब्लेडचे एकूण वजन भागिले त्याची रुंदी. मीटरमागे 100 किलोच्या आत असेल तर ते सैल माती पसरण्याचे हलके ब्लेड समजावे. घट्ट जमिनीसाठी मीटरमागे 150 किलो किंवा जास्त हवे. रुंदी एकच असलेल्या दोन ब्लेडांच्या वजनात दुपटीचा फरक असू शकतो, म्हणून खरेदी करताना फुटांआधी किलो विचारा. हलके ब्लेड असेलच तर चौकटीवर वजन बांधता येते. ते पट्ट्यांनी घट्ट आवळा, नुसते ठेवू नका.

कोनाची गोष्ट दोन्ही प्रकारांत उलटसुलट आहे, आणि त्यामुळे गोंधळ होतो. बॉक्स ब्लेडमध्ये टॉप लिंक (अवजार वरच्या बाजूने ट्रॅक्टरला जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा) आखूड केली की पुढचा भाग झुकतो, पुढची धार आणि दात जमिनीत घुसतात. लांब केली की मागची धार टेकते आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. साध्या ब्लेडमध्ये टॉप लिंक आखूड केली तर पात्याचा वरचा भाग पुढे झुकतो, खालची धार मागे जाते आणि कापणे कमी होते. तिथे लिंक लांब केल्यावर धार जास्त चावते. एका वेळी दोन-तीन आटे फिरवून दहा मीटर चालवून पाहा. पाच-सहा आटे एकदम फिरवले तर नेमका फरक कशाने पडला ते कळत नाही.

आणि जमीन फारच टणक असेल तर आधी तिला उकरायलाच हवे. दात 5 ते 8 सेमी खाली काढा, सरळ एक फेरी मारा, मग तिरकी एक. एकदम 15 सेमी उकरायला गेलात तर ट्रॅक्टर थांबेल किंवा दाताची पिन तुटेल. दात वर-खाली करताना बॉक्स लाकडी ठोकळ्यांवर टेकवून इंजिन बंद करा. हायड्रॉलिकवर लटकलेल्या बॉक्सखाली हात घालू नका.

ओलाव्याकडेही पाहा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कंबरेच्या उंचीवरून टाका. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे, कामाला सुरुवात करा. जसाच्या तसा चपटा झाला तर माती ओली आहे : ब्लेडला चिकटेल, ढेकळे होतील आणि टायरांखाली जमीन दडपेल. गोळा बनतच नसेल तर जमीन कोरडी आहे, आदल्या दिवशी पाणी शिंपडल्याशिवाय ब्लेड उड्या मारत राहील.

प्रश्न : कितीही फेऱ्या मारल्या तरी जमिनीवर लाटा राहतात. आधी होत्या त्यापेक्षा वाढल्याच. ब्लेड सदोष आहे का?

ब्लेडमध्ये दोष असण्याची शक्यता फार कमी. लाटा ट्रॅक्टरच्या मापातून येतात. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये 2 मीटर अंतर आहे आणि ब्लेड मागच्या आसाच्या 1.2 मीटर मागे आहे. पुढची चाके 10 सेमी उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती कलतो आणि ब्लेड 6 सेमी खाली जाते. ते जमिनीत घुसून खड्डा करते. थोड्या वेळाने पुढची चाके खाली उतरतात, मागची चाके त्याच उंचवट्यावर चढतात आणि ब्लेड 16 सेमी वर उचलले जाते. मग साचलेली माती तिथे ढिगासारखी सुटते. म्हणजे एका जुन्या उंचवट्यातून एक नवा खड्डा आणि एक नवा उंचवटा तयार झाला. त्याच दिशेने पुन्हा गेलात की तोच खेळ, दर फेरीला अधिक ठळक.

उपाय अनेक आहेत आणि ते एकत्र करावे लागतात.

पहिला म्हणजे दिशा बदलणे. एक फेरी लांबीने, दुसरी 45 अंश तिरपी, तिसरी उलट बाजूने तिरपी. तिरप्या फेरीत चारही चाके एकाच वेळी उंचवट्यावर येत नाहीत आणि कलणे विभागले जाते. पैसे न घालता मिळणारा हा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि बहुतेकजण तोच टाळतात.

दुसरा, वेग. ताशी 3 ते 4 किमीच्या वर जाऊ नका. वेगात माती ब्लेडवरून उडी मारते आणि लिव्हर हलवायला वेळही मिळत नाही.

तिसरा, लिव्हरचा हात. नवखा माणूस ब्लेड खाली गेले की लगेच उचलतो, वर गेले की लगेच सोडतो. हायड्रॉलिकला प्रतिसाद द्यायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे त्याची दुरुस्ती नेहमी उशिरा पोचते आणि लाट आणखी मोठी होते. उंचवट्यांवर थोडा कट घ्या, खड्ड्यावर आल्यावर लिव्हर न हलवता माती आपोआप पडू द्या.

लिव्हर कोणता वापरायचा हेही महत्त्वाचे. ड्राफ्ट कंट्रोल नांगरटीसाठी असतो. ओढ वाढली की तो अवजार स्वतःच उचलतो. सपाटीकरणात तो चालू राहिला तर मातीचा ढीग समोर आला की ब्लेड उचलले जाते, म्हणजे नेमक्या नको तिथे. तो बंद ठेवून पोझिशन कंट्रोलवर काम करा. पोझिशन कंट्रोलमध्ये ब्लेड ठरवलेल्या खोलीपेक्षा खाली जात नाही, पण जमिनीने ढकलले तर वर येऊ शकते. शेवटच्या गुळगुळीत फेरीला लिव्हर पूर्ण खाली सोडा, म्हणजे ब्लेड जमिनीवर तरंगत चालेल.

चौथा उपाय खर्चाचा आहे : ब्लेडच्या मागे टेकणारी चाके असलेली चौकट. ब्लेडचे वजन त्या चाकांवर येते, म्हणून ट्रॅक्टर कलला तरी धारेची उंची फारशी बदलत नाही. मात्र अशी चाके लावल्यावर टॉप लिंकला खेळ हवा, लांबट खाच असलेल्या ब्रॅकेटने किंवा साखळीने. ताठ टॉप लिंक ठेवली तर चाकांचा उपयोगच होत नाही. रस्त्याचे काम वरचेवर असणाऱ्यांनी ही सोय असलेले ब्लेड जरूर घ्यावे. घरामागच्या एका जागेसाठी ती गरजेची नाही.

प्रश्न : ब्लेडच्या पिना माझ्या ट्रॅक्टरच्या लिंकमध्ये बसत नाहीत. बुशिंग घालून चालेल का?

हा श्रेणीचा, म्हणजे ट्रॅक्टर आणि अवजार जोडणाऱ्या लिंकांच्या (दांड्यांच्या) ठरलेल्या मापांचा प्रश्न आहे. श्रेणी 1 मध्ये टॉप लिंकची पिन 19 मिमी आणि खालच्या लिंकच्या पिना 22 मिमी असतात. श्रेणी 2 मध्ये अनुक्रमे 25 आणि 28 मिमी. खालच्या दोन पिनांमधले अंतरही वेगळे असते, श्रेणी 1 मध्ये सुमारे 68 सेमी आणि 2 मध्ये सुमारे 82 सेमी. ब्लेड श्रेणी 1 चे आणि ट्रॅक्टर श्रेणी 2 चा असेल तर पिनेवर बुश (जाडी भरून काढणारी धातूची नळी) बसवता येतो, पण रुंदीचा फरक बुशने भरून निघत नाही. खालच्या लिंका आत ओढून बसवल्या तर त्या तिरक्या राहतात, पिना वाकतात. म्हणून दोन्ही श्रेणींच्या पिना बसवता येतील असे ब्लेड मिळाले तर ते पसंत करा. उलट दिशेची जोडणी, म्हणजे मोठे ब्लेड छोट्या ट्रॅक्टरला, बुशने सुटणारा प्रश्न नाही. तिथे वजन जास्त होते.

त्याच वेळी उचल क्षमता तपासा. पुस्तिकेतला आकडा बऱ्याचदा लिंकच्या टोकाचा असतो. ब्लेडचा भार त्याच्याही मागे असतो, त्यामुळे प्रत्यक्षात उचल कमी भरते. ब्लेड उचललेले असताना पुढच्या आसावर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान 20 टक्के भार राहायला हवा, नाहीतर स्टिअरिंग हलके होते. पुढे वजने लावण्याची सोय याचसाठी असते.

प्रश्न : ब्लेड उलट फिरवून मागे ढकलता येते असे ऐकले. धोका आहे का?

हो, आहे. ट्रॅक्टर मागे जाताना खालच्या लिंकांवर दाब येतो आणि त्या वाकू शकतात. त्यांची रचना मुख्यतः ओढण्यासाठी असते. सैल मातीचा छोटा ढीग कोपऱ्यात ढकलायचा असेल तर हळू चालवून जमते. दगड, झाडाचा बुंधा किंवा काँक्रीटची कड असेल तिथे अजिबात करू नका.

प्रश्न : ब्लेड तिरके केल्यावर ट्रॅक्टरची शेपटी एका बाजूला ओढली जाते. का?

माती बाजूला ढकलली जाते, तेव्हा तीही ब्लेडला उलट बाजूला ढकलते. खालच्या लिंकांच्या बाजूच्या साखळ्या सैल असतील तर ब्लेड झुलते आणि कट वेडावाकडा होतो. त्या आवळून घ्या. कोन 30 अंशांपेक्षा जास्त ठेवायची गरज असेल तर कट उथळ घ्या. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरवणारी सोय) सरळ जाताना वापरा, वळताना काढा.

प्रश्न : किती माती हलवावी लागेल याचा हिशेब कसा करायचा? बॉक्स ब्लेडने भागेल की ट्रॉली-लोडर लागेल?

जागेवर 5 मीटरच्या चौकटीत खुंट्या मारा. पारदर्शक पाण्याच्या नळीने सगळ्या खुंट्यांवर एकच पातळी आखा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, हे विसरू नका. मग प्रत्येक खुंटीच्या खुणेपासून जमिनीपर्यंत मोजा. सरासरीपेक्षा कमी अंतर म्हणजे तिथे उंचवटा, जास्त म्हणजे खळगा.

उदाहरण घेऊ. जागा 20 बाय 10 मीटर, म्हणजे 200 चौरस मीटर. निम्म्या भागातून सरासरी 10 सेमी काढायचे. 100 गुणिले 0.1 म्हणजे 10 घनमीटर. उकरलेली माती फुगते, 20 ते 30 टक्क्यांनी. म्हणजे प्रत्यक्षात साडेबारा घनमीटरच्या आसपास हलवावी लागेल. 1.8 मीटर रुंद, अर्धा मीटर उंच, 60 सेमी खोल बॉक्समध्ये माती उताराने साठते, म्हणून पूर्ण मापाच्या निम्मी, साधारण 0.27 घनमीटर धरा. फेऱ्या होतात सुमारे 46. अंतर 20-30 मीटर असेल तर एका दिवसाचे काम. 50 मीटरपेक्षा लांब न्यायची असेल तर बॉक्स ओढत बसण्यापेक्षा लोडर आणि ट्रॉली बरी.

वरची सुपीक माती वेगळी ठेवायला विसरू नका. आधी वरचा 10-15 सेमी थर काढून कडेला रचा, खालची माती सपाट करा, मग तो थर परत पसरा. हे न केल्यास उंचवट्याच्या जागी नापीक थर उघडा पडतो. भरावही एकदम टाकू नका. 15 सेमीचा थर टाका, ट्रॅक्टरची चाके फिरवून दाबा, मग पुढचा. सैल भराव पहिल्या पावसानंतर खचतो, म्हणून खळग्यात थोडी जास्त भर ठेवणे बरे.

प्रश्न : कच्चा रस्ता सपाट केला तरी पावसात पुन्हा खड्डे पडतात. ब्लेडने काय वेगळे करावे?

रस्ता पूर्ण सपाट केला, तिथेच चूक झाली. पाणी उभे राहते आणि चाके ते चिखलात कालवतात. मधोमध उंची हवी, दोन्ही कडांकडे सुमारे 4 टक्के उतार. 4 मीटर रुंद रस्त्याच्या मध्यापासून कडेपर्यंत 2 मीटर, म्हणून मध्यभाग कडेपेक्षा 8 सेमी उंच.

कृती अशी. दातांनी किंवा ब्लेडच्या कटाने पृष्ठभाग सर्वांत खोल खड्ड्याच्या तळापर्यंत सैल करा. नुसती माती खड्ड्यात भरली तर ती पहिल्याच पावसात बाहेर येते. नंतर साधे ब्लेड सुमारे 30 अंश तिरके लावा. उजव्या बाजूचा लिफ्ट रॉड (खालची लिंक उचलणारा दांडा) लांब किंवा आखूड करून ब्लेडला थोडा कल द्या, कडेचे टोक खाली. कडेकडून मध्याकडे माती आणणाऱ्या दोन फेऱ्या एका बाजूने, दोन दुसऱ्या बाजूने. मध्यभागी रांग तयार होईल. शेवटी ब्लेड जवळजवळ सरळ करून हलक्या फेरीने ती पसरवा. जमीन ओलसर असताना करा, कोरड्या मातीची धूळ होते आणि ती बसत नाही.

प्रश्न : जुने ब्लेड घेताना काय पाहावे? धार झिजली असेल तर नवी लावता येते का?

धार बदलता येते आणि बदलायलाच हवी, म्हणून ती वेल्ड केलेली असेल तर विचार करा. बोल्टने लावलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी धार सर्वांत चांगली. एक बाजू झिजली की उलटून लावायची. धारेची झीज मुख्य पात्याच्या कडेपासून 1 सेमीपर्यंत आली की उलटा किंवा बदला. पुढे वाट पाहिली तर पातेच झिजते, आणि त्याची दुरुस्ती नव्या धारेपेक्षा कितीतरी जास्त खर्चाची.

बाकी तपासायच्या जागा : मधला फिरणारा पिव्होट आणि त्याची पिन (ब्लेडचे टोक धरून हलवा, मोठा खेळ असेल तर बुश गेलेले आहेत), कोन अडकवायची भोके (लांबट झाली असतील तर पिन डुलते), खालच्या पिनांजवळची वेल्डिंग, आणि पात्याला पीळ पडला आहे का. पीळ बघायला दोन्ही टोकांना दोरी ताणा. बॉक्स ब्लेडमध्ये दातांच्या टोकांवरचे बदलता येणारे फाळ आहेत का आणि मागची धार बिजागरीवर हलते की जाम झाली आहे, हेही पाहा.

प्रश्न : लेसर लेव्हलर घ्यावा का?

मोठ्या शेताला सिंचनासाठी एकसारखा उतार द्यायचा असेल तर. 2 मीटर बकेटला साधारण 50 एचपीचा ट्रॅक्टर आणि बाहेरून जोडता येणारी हायड्रॉलिक लाइन लागते. स्टँडवरचा लेसर, बकेटवरचा रिसीव्हर आणि कंट्रोल बॉक्स यांच्यामुळे उंची आपोआप राखली जाते आणि काम दोन-तीन सेमीच्या आत येते. पण त्याआधी मोठे उंचवटे साध्या ब्लेडने किंवा बॉक्सने उतरवून घ्यावे लागतात, नाहीतर बकेट भरून थांबते. घरामागच्या जागेसाठी खुंट्या आणि पाण्याची नळी पुरेशी आहे.